नाईट शिफ्टच्या दुपारी

निकालपत्रकं वाटून झाली, वर्गाला कुलूप लागलं, की मी कळवणहून नाशिकची बस धरते. नोकरी लागल्यापासून हा रिवाज मोडलेला नाही, लग्नानंतरही नाही. नवऱ्याचा कांदा त्याच दिवसांत साठवणीच्या चाळीत भरायचा असतो. तेव्हा मी घरात नसलेलीच बरी, असं तो म्हणतो आणि मीही वाद घालत नाही. सातपूरला माहेरी मी पोटभर झोपते, आईच्या हातचं खाते आणि जूनमध्ये वर्गातल्या मुलांकडून बसवून घ्यायचं नाटक लिहिते. माझी सुट्टी म्हणजे एवढंच. गेल्या वर्षी परीक्षा चालू असतानाच आई गेली. ती सुट्टी दिवसकार्यात आणि भेटायला येणाऱ्यांत गेली. त्यामुळे आईशिवायची खरी सुट्टी ही पहिलीच.

जिना चढून वर आले तर दार सताड उघडं. उंबऱ्याला लागून खुर्ची टाकून अण्णा बसलेले. ऊन पार जिन्यापर्यंत आलेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि अण्णा जागे. कानात ऐकायचं यंत्र, शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली, पायाशी चपला. कुणी बोलावलं तर तसंच निघायचं असावं अशी सगळी तयारी.

"आलीस? ऐकलं मी. जिन्यावर पाय वाजला तुझा."

तो वाजला नसणार. या जिन्यावर मी आजही चवड्यांवर चढते.

भावाने फोनवर सांगितलंच होतं. "ताई, अण्णा दुपारचे आडवेच होत नाहीत. डॉक्टर सांगून थकले, बीपी वर जातंय. आम्ही दोघं नोकरीवर, दिवसभर एकटेच असतात दारात. तू आलीस की बघ काहीतरी." मी म्हटलं, समजावते. शिक्षिकेला वाटतं, समजावलं की माणसं समजतात.

पण आई गेली त्या दुपारी अण्णा आतल्या खोलीत पडलेले होते. तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते त्यांनी माझी पिशवी खाली ठेवायच्या आत सांगितलं. "तिनं हाक मारली आसंल गं. लय मारल्या आसतील. मला ऐकू आल्या नाय."

त्या दुपारी मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि बऱ्याच दिवसांनी ते घर नीट पाहिलं. खिडकीच्या चौकटीत वरच्या बाजूला दोन मोठे खिळे अजून आहेत. सतरंजीचे खिळे.

अण्णा कंपनीत प्रेस शॉपला होते, लोखंडी पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनवर. शिफ्ट आठवड्याला फिरायची. फस्ट, सेकंड, नाईट. शाळा चालू असताना नाईटचा आठवडा आम्हा भावंडांना जाणवायचा नाही. सुट्टीत मात्र त्या आठवड्याला तोंड द्यावं लागे. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची. अण्णांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा, आणि तो आंघोळीनंतरही मानेपाशी थोडा उरायचा. आई डबा घ्यायला पुढे व्हायची आणि डब्याआधी त्यांच्या हातांकडे बघायची. बोटं मोजायची असं मी म्हणणार नाही, पण बघायची. खालच्या मजल्यावरच्या कदमकाकांची दोन बोटं प्रेसने नेली होती. आदल्या दिवशी घरी पाहुणे होते, काकांची झोप झाली नव्हती, असं सगळी बिल्डिंग सांगायची. तेव्हापासून आईच्या मनात झोप आणि बोटं यांची गाठ बसली ती बसलीच. आमच्या हातून वाटी पडली की ती मारायची नाही, ओरडायची तर अजिबात नाही. नुसती आपली बोटं आमच्यापुढे धरायची. आम्हाला रडू यायचं, तेही बेताने.

भाकरी खाऊन अण्णा आतल्या खोलीत गेले की खिडकीवर सतरंजी चढायची आणि घर मुकं व्हायचं. आई बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांवर जुन्या साडीची चिंधी गुंडाळायची. दाराच्या कडीलाही चिंधी. बेलची वायर काढलेली. धुतलेली भांडी टॉवेलवर पालथी. कुकरची शिट्टी आमच्याकडे फक्त फस्ट आणि सेकंडच्या आठवड्यात वाजायची. नाईटच्या आठवड्यात डाळ पातेल्यात शिजायची, तासभर लागायचा, आणि खरं सांगायचं तर ती जास्त चांगली लागायची. दार लावायची एक रीत होती. कडी बोटात धरायची, दार अंगाने ढकलायचं, टेकलं की मग कडी सोडायची. शाळेत जायच्या आधी आम्ही हे शिकलो.

भांडणंसुद्धा चिमट्यांनी व्हायची. हसू आलं की उशीत तोंड घालायचं. एका उन्हाळ्यात चांदवडहून आत्या तिची पोरं घेऊन आली. पोरं शेतात वाढलेली, त्यांचा साधा आवाजही दोन वावरं ओलांडणारा. आई त्यांच्यापुढे हात जोडून उभी. तिसऱ्या दिवशी आत्याने बोचकं बांधलं आणि जाताना दारातून म्हणाली, "वयनी, या घरात जिवंत माणसं ऱ्हात्यात का गं?" आईने ओठांवर बोट ठेवलं. आत्या जिन्यात हसत सुटली, आणि आम्हाला ते हसणं खालच्या फाटकापर्यंत ऐकू आलं.

कुरडया घालायच्या त्या गच्चीवर, म्हणजे नेमक्या अण्णांच्या डोक्यावर. चपला वाजतात, म्हणून अनवाणी. तापलेल्या गच्चीवर पाय ठेवायला आई ओलं पोतं टाकायची आणि आम्ही बेटावर उभे राहावं तसे त्याच्यावर उभे. गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास, तापलेल्या सिमेंटचा वास, आणि वारा वळला की कारखान्यांकडून येणारा जळक्या रंगाचा वास. लांबून प्रेसचे ठोके. धप. धप. आमचं काम कावळे हाकायचं. आता कावळा हाकायचा तर माणूस ओरडणार. आम्हाला ती मुभा नव्हती. आम्ही काठीला अण्णांचा काळा रेनकोट अडकवून तो हवेत फिरवत राहायचो, तोंडातून चकार शब्द न काढता. कावळे कठड्यावर बसून बघत राहायचे. त्यांनाही आमची दया येत असावी, कारण कुरडया फारशा गेल्या नाहीत.

तीनचा भोंगा झाला की अख्खी वसाहत हलायची. भोंग्याने अण्णांना कधी जाग आली नाही. घरात चमचा पडला तर मात्र ते उठायचे. लाल डोळ्यांनी दारात येऊन विचारायचे, "काय पडलं?" रागाने नाही. मग परत जाऊन पडायचे, पण आता झोप नाही हे आईला कळायचं. त्या रात्री ते गेले की सकाळची बस येईपर्यंत ती सारखी उंबऱ्याशी जायची.

अशा दुपारी माणूस काय खेळेल? आम्ही बिनशब्दांच्या गोष्टी करायचो. भाऊ दूधवाला, मी गिऱ्हाईक. भाऊ डॉक्टर, मी दात दुखणारी म्हातारी. सगळं हातांनी, डोळ्यांनी, खांद्यांनी. आई भाजी निवडत बघायची आणि ओठ घट्ट मिटून, पोट धरून हसायची. तिचं हसणं मला आठवतं ते डोळ्यांनीच. त्याचा आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही, आणि हे आज फार लागतं.

पुढे मी शिक्षिका झाले, आणि मला येत होतं ते हेच. माझ्या वर्गातली मुलं मूकनाट्यं करतात. तालुक्यात आमचं थोडं नाव आहे. मुख्याध्यापक वऱ्हांड्यातून जाताना डोकावतात, "बाई, वर्ग भरलाय की सुटलाय?" लोकांना वाटतं मी कुठलंसं प्रशिक्षण घेतलं असेल. प्रशिक्षण सातपूरच्या दोन खोल्यांत झालं. दर सुट्टीत मी नवं नाटक लिहायची ते स्वयंपाकघराच्या फरशीवर, दुपारी, आईसमोर. आधी करून दाखवायचं, मग लिहायचं. ती मान हलवून चुका काढायची. एकदा मी विहिरीतून पाणी ओढणारी बाई केली, तर तिने हातातलं लाटणं ठेवून स्वतः उठून दाखवलं, की दोर ओढणारीची कंबर आधी मागे जाते. किती बरोबर होतं ते!

अण्णा रिटायर झाले. कान त्याआधीच गेले होते. प्रेसच्या ठोक्यांनी ते वर्षावर्षाने नेले, कुणाच्या लक्षात यायच्या आत. आता घरात ढोल बडवला तरी चाललं असतं. पण दुपारचं जेवण झालं की अण्णा आत जाऊन डोळे मिटून पडायचे आणि आई बांगड्या वर सरकवायची. मी एकदा म्हटलं, "आई, अगं त्यांना ऐकू येत नाही."

"त्यांना नसंल येत," ती हळूच म्हणाली. "मला येतं ना."

या सुट्टीत मी त्याच फरशीवर कागद घेऊन बसते. हात उचलते, एखादी आकृती करते आणि तो तसाच खाली ठेवते. समोर बघणारं कुणी नाही. कागद कोरा राहतो, आणि मला त्याचं वाईटही वाटेनासं झालं आहे. दारातल्या खुर्चीतून अण्णा मधूनच मान वळवतात.

"हाक मारलीस?"

"नाही, अण्णा."

"मला वाटलं मारली."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. यंत्रातून त्यांना पंख्याची घरघर ऐकू येते, रिक्षा ऐकू येतात, बहुधा स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येत असेल. त्या सगळ्यात ते एक हाक शोधत बसलेले असतात. वर्षभर ते ही अशी हजेरी देतायत. खांदे उतरलेत. उन्हाने चेहऱ्याची एकच बाजू रापली आहे, दाराकडची.

सुमनकाकू आमच्या खाली राहतात, कदमकाकांच्या शेजारी. बागलाणकडच्या. आई शेवटी त्यांच्याच दारात बसली होती, एवढं मला माहीत होतं. एका सकाळी मी पाणी भरायला खाली गेले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"व माय, वर्ष झालं, माझ्या गळ्यात अडकलंय. तुला सांगते. भाऊंना सांगू नको."

भाऊ म्हणजे अण्णा.

"माझं दार वाजलं नाय त्या दिवशी. नुसतं नख घासल्यासारखं झालं. मला वाटलं मांजर. उघडलं तर तुझी आई पायरीवर बसलेली, घामानं निथळलेली, एक हात छातीवर. चपला हातात. मी ओरडलेच. तर तिनं माझं तोंड दाबलं, बाई. एवढी कळ येत असताना माझं तोंड दाबलं. म्हणाली, 'हळू बोला, ते झोपलेत.' मी म्हटलं, भाऊंना उठवते. तर पदर सोडीना माझा. 'नको, आत्ताच डोळा लागलाय.' मग माझ्या पोरानं रिक्षा आणली. रिक्षात काही बोललीच नाय ती."

मला सगळं दिसत होतं. आईने कडी बोटात धरली असेल, दार अंगाने टेकवलं असेल, आणि मग चिंधी नसलेल्या त्या कडीला हळूच सोडलं असेल. जिना चवड्यांवर उतरली असेल. रिटायर झालेल्या, बहिऱ्या माणसाची झोप मोडू नये म्हणून. मला तिचा भयंकर राग आला. मेलेल्या आईवर इतकं रागवता येतं हे मला माहीत नव्हतं. काकूंच्या मोरीत मी तोंड धुतलं आणि हंडा तिथेच विसरून वर आले.

पुढचे दिवस मी ते पोटात घेऊन वावरले. अण्णांना वाटत होतं, तिने हाका मारल्या आणि आपल्या कानांनी दगा दिला. त्यांना खरं सांगितलं, तिने एकही हाक मारली नाही असं सांगितलं, तर कान दोषातून सुटतील. पण मग ते सगळं त्यांच्या झोपेच्या गळ्यात पडेल. एका बापाला मुलीने यातलं काय द्यावं? भावाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, काहीच नको बोलूस, होईल सवय." वहिनी म्हणाली, सांगून टाका. मी दोघांनाही हो म्हटलं.

मग एका दुपारी माझा डोळा लागला आणि उठून बघते तर खुर्ची रिकामी. चपला तिथेच. मी धावत खाली गेले, आणि त्या दिवशी माझी पावलं वाजली असतील तर वाजली. अण्णा कोपऱ्यावरच्या टपरीपाशी डांबरावर अनवाणी उभे होते आणि टपरीवाल्याला विचारत होते, "आत्ता कोणी हाक मारली का? बाईमाणसाचा आवाज व्हता." टपरीवाला बिचारा माझ्याकडे बघायला लागला. अण्णांचा एक पाय उचललेला, मग दुसरा. डांबर पोळत होतं, पण ते तिथून हलत नव्हते.

त्यांना वर आणलं. पायांवर ओलं फडकं ठेवलं. तळव्यांना फोड आले होते. ते फोड बघून माझा धीर सुटला.

"अण्णा, आईने हाक मारली नव्हती."

"आँ?"

"आईने हाक मारली नव्हती तुम्हाला."

यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. त्यांनी ते कानातून काढलं, हलवलं, परत घातलं. "काय म्हणतीस? मोठ्यानं बोल."

मी जवळ सरकले. सुमनकाकूंनी सांगितलेलं सगळं सांगायला लागले. पायरी, चपला, रिक्षा. त्यांना अर्धंमुर्धं कळत होतं. ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते, आणि प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होते, "मोठ्यानं." मी आवाज चढवत गेले. आयुष्यभर या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता.

"ती काय म्हणली? शेवटी काय म्हणली ती?"

"हळू बोला म्हणाली!" मी ओरडले. "हळू बोला, ते झोपलेत!"

दार उघडंच होतं. खाली कुणीतरी चालता चालता थांबलं. समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी उघडली. आईने मरताना तोंडातल्या तोंडात बोललेले शब्द मी अख्ख्या वसाहतीला ऐकवले होते, आणि ते यावेळी अण्णांनाही नीट ऐकू गेले.

ते फडक्याखालच्या आपल्या पायांकडे बघायला लागले. मला वाटलं रडतील. मला वाटलं, निदान आता आडवे तरी होतील. त्यांनी यंत्र काढून मांडीवर ठेवलं. मग बोलले ते बहिरी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्याने.

"पण मी जागा व्हतो."

मी फडक्यावरचा हात उचलला.

"मला कुठली झोप दुपारची? नाईट सुटली तवाच गेली ती. नुसता पडायचो डोळे मिटून. मी उठलो की ती लगेच उठणार, काय पायजे, काय देऊ करणार. जनमभर पाठ टेकली नाय तिनं दिवसाची. म्हणलं, मी पडलोय तवर तरी ती पडंल घटकाभर तिकडं, पंख्याखाली." त्यांनी मांडीवरचं यंत्र उलटं केलं. "चहाचा वास आला की उठायचो. वासावरनं कळायचं, तिची झोप झाली. त्या दिवशी वास आलाच नाय. लय वेळ आला नाय. मला बरं वाटलं गं. म्हणलं, आज गाढ लागलीय बाईला. लागू दे."

मी त्यांच्या तळव्यांवरचं फडकं उचललं, पुन्हा पाण्यात भिजवलं, पिळलं आणि ठेवलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. आई ज्या झोपेला जपत जिना उतरली, ती झोप नव्हतीच. अण्णा आईच्या ज्या झोपेला जपत डोळे मिटून पडले होते, तीही नव्हती. त्या दुपारी या घरात कुणीच झोपलेलं नव्हतं.